देठाचं काम

कुमुदबाई वैरागडे यांच्या हातून जन्मात एकच मोठी चूक झाली, आणि ती नेमकी कीर्तनाच्या गादीवर झाली.

साल २०४१, कार्तिकातला उत्सव. आंबेझरी म्हणजे विदर्भाच्या पूर्व टोकाला, जंगलाच्या कुशीत बसलेलं चारशे उंबऱ्यांचं गाव. राममंदिरापुढे मोठं पटांगण आणि पटांगणाभोवती शाळेनं फार वर्षांपूर्वी लावलेले अकरा साग. त्यांच्या मधोमध बाई उभ्या होत्या. वय सत्तर, कमरेला उपरणं कसलेलं, हातात चिपळ्या. गावच्या शाळेत बत्तीस वर्षं विज्ञान शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या, आणि कीर्तन तर त्याच्याही आधीपासून करत होत्या. पेटीवर त्यांचे यजमान मुरलीधरपंत. पूर्वरंगाचा विषय होता अनन्य भक्ती. बोलता बोलता बाईंची नजर वर सागाकडे गेली आणि त्यांना दृष्टांत सुचला.

“बघा हो मंडळी! पावसाळ्यात हे पान झाडावर कसं मिरवतं! टाळ्या पिटतं, डोलतं. आणि उन्हाचा पहिला चटका बसला की? हात सोडून मोकळं! ज्यानं वाढवलं त्याला भर उन्हात उघडं टाकून जातं. भक्त असा नसावा. ऊन वाढेल तसा ज्याचा देठ घट्ट होतो, तो भक्त!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. आणि पाचव्या रांगेत बसलेला डॉक्टर हर्षल बोरकुटे एकदम ताठ झाला. हर्षल बाईंचाच विद्यार्थी. सातवीत झाडाचे भाग शिकताना वहीत मुळाची, खोडाची, पानाची अशी आकृती काढायचा की बाई ती वही वर्गभर फिरवायच्या. आता तो वनस्पतींचा शास्त्रज्ञ होता, शहरातल्या एका कंपनीत. कीर्तन संपल्यावर त्यानं बाईंच्या पायांवर डोकं ठेवलं आणि म्हणाला, “बाई, तुम्ही आज गादीवर जे बोललात ना, ते मी करून आणलंय.”

त्यानं करून आणलेल्या गोष्टीचं नाव ‘पर्णधर’.

पान गळतं म्हणजे काय होतं, हे बाईंनी किती पिढ्यांना शिकवलं होतं. पान वाऱ्यानं तुटत नाही. देठ जिथे फांदीला मिळतो, तिथे पेशींचा एक अगदी पातळ थर असतो. पान धडधाकट असतं तोवर ते पात्यातून देठाकडे एक संप्रेरक सतत पाठवत राहतं. ‘मी आहे, मी आहे’ असा जणू निरोपच. कोरडे दिवस आले की निरोप मंदावतो. मग झाडात दुसरं एक वायुरूप संप्रेरक वाढतं, त्या पातळ थरातल्या पेशींच्या भिंती विरघळू लागतात, मागून बुचासारखं झाकण तयार होतं, आणि पान अलगद सुटतं. फांदीवर राहतो तो स्वच्छ, बंद केलेला वण.

हर्षलची कुपी अंगठ्याएवढी. मळसूत्रासारखी खोडात फिरवून बसवायची. तिच्यातलं औषध जलवाहिन्यांतून फांदीफांदीला, देठादेठाला पोचे आणि त्या थराला दुसऱ्या संप्रेरकाची हाकच ऐकू येईनाशी करी. थर विरघळतच नसे. पान जागच्या जागी.

कशासाठी? तर सावलीसाठी. आता चैत्रातच पारा सत्तेचाळीसला टेकत होता, आणि या भागातली झाडं नेमकी तेव्हाच उघडी. त्याच वर्षीच्या वैशाखात मुरलीधरपंत भर दुपारी देवळातून घरी येताना रस्त्यात कोसळले होते. चार दिवस दवाखान्यात काढल्यावर घरी आले, पण तेव्हापासून ऊन त्यांना सोसत नव्हतं. ज्या बाईनं हे डोळ्यांनी पाहिलं, तिला चैत्रातली सावली म्हटल्यावर आणखी काय पटवायचं होतं? तरी गाव बिचकत होतं. ग्रामसभेच्या अध्यक्ष फुलवंताबाई कोवे म्हणाल्या, “झाडाले हे चालते का, ते पह्यले सांगा.” तेव्हा गावातल्या प्रत्येकानं एकच उत्तर दिलं. “बाईनंच तर सांगतलं कीर्तनात. पानानं झाड सोडू नये म्हून.”

कंपनीशी तीन वर्षांचा करार झाला आणि अकराही सागांना कुप्या बसल्या.

*

पहिला उन्हाळा सुखाचा गेला. सगळा तालुका उन्हात भाजत असताना आंबेझरीच्या पटांगणात हिरवी, गर्द सावली. बायका तिथे भाज्या निवडत, म्हातारे तिथेच जेवून लवंडत. मुरलीधरपंतांनी तर तिसऱ्या सागाखाली खाटच टाकली. “माह्या नावावर करून द्या हे झाड,” म्हणायचे, “सातबाऱ्यावर.”

दुसऱ्या वर्षी माघात देवळाची विहीर आटली. पूर्वी ती वैशाखाशिवाय आटत नसे. पाऊस कमी झाला असेल, लोक म्हणाले. फाल्गुनात सागाची पानं राठ, तपकिरी कडांची झाली, भोकं पडली. पण गळली नाहीत. चैत्र लागला आणि एका दुपारी तीनच्या सुमारास बाई पंतांसाठी ताक घेऊन पटांगणात आल्या.

प्रत्येक कुपीसोबत कंपनीनं झाडाच्या फांदीला एक चिमटा लावला होता. झाडाच्या प्रकृतीची माहिती तो मोबाइलवर पाठवी. मोबाइलवर हिरवा गोल दिसला की झाड ठीक. गोल हिरवाच होता. पण त्याच पडद्याच्या तळाशी, बारीक अक्षरात, ‘कच्चा ध्वनी’ असं लिहिलेलं एक बटण होतं. इतके दिवस कुणी दाबलं नव्हतं. माणसाच्या कानाला जे ऐकू येत नाही, ते खाली उतरवून ऐकवण्याची सोय. बाईंनी ते दाबलं.

टक्. टक्. टक्टक्. टक्.

“हे काय वो?” पंत उठून बसले. “घड्याळ आहे का झाडात?”

बाईंनी मोबाइल कानाशी धरला. त्यांचा अर्धा जन्म तालावर गेला होता. त्यांनी डोळे मिटले आणि मांडीवर बोटं धरली. ठोक्यांना सम नव्हती. पण लय होती, आणि ती वाढत होती. ऊन कलतीला येईपर्यंत बाई तिथेच बसून राहिल्या. साडेतीनला दुगुन, चारला चौगुन. पाच वाजता लय उतरली.

झाडाला पंप नसतो. मुळाकडून शेंड्यापर्यंत पाणी चढतं ते केसाहून बारीक नळ्यांतून, अखंड धाग्यासारखं. पानाच्या रंध्रांतून वाफ बाहेर पडते, तेवढा धागा वर ओढला जातो. खाली पाणी आहे तोवर ठीक. खाली जमीन कोरडी आणि वर पानं ओढतच राहिली, तर धागा ताणत जातो, ताणत जातो, आणि तुटतो. तिथे हवेचा बुडबुडा शिरतो. ती नळी बाद. तुटण्याचा आवाज होतो बारीकसा, माणसाच्या कानापलीकडचा.

बाई तोच ऐकत होत्या.

तरी त्यांनी खात्री करून घेतली. मिठाईवाल्याकडून खाण्याचा लाल रंग आणला, दोन तांब्यांत कालवला. एका तांब्यात जंगलातल्या साध्या सागाची डहाळी, दुसऱ्यात पटांगणातल्या सागाची. हा प्रयोग सातवीचा, बाईंनी हजार वेळा केलेला: चालू नळी तेवढी लाल होते. सकाळी दोन्ही डहाळ्या आडव्या कापल्या. जंगलातल्या डहाळीच्या कापावर लाल ठिपक्यांचं दाट कडं उमटलं होतं. पटांगणातल्या डहाळीवर ठिपके मोजले तर नऊ.

बाईंनी त्या दोन चकत्या देव्हाऱ्यासमोर ठेवल्या आणि हात जोडले. मग पंतांना म्हणाल्या, “मी खोटं बोलले हो गादीवर.”

“दृष्टांत होता तो. दृष्टांतात काय खरं-खोटं?”

“माझे गुरू सांगायचे, गादीवर चुकलं तर गादीवरच उभं राहून दुरुस्त करायचं. दारोदार जाऊन कुजबुजायचं नाही.”

कीर्तन दोनच दिवसांवर होतं. रामनवमीच्या आदल्या दिवशी, अष्टमीला. आणि नवमीच्या सकाळी ग्रामसभा होती. गावाच्या हक्काचं सगळं जंगल, साडेतीनशे हेक्टर, साग, पळस, ऐन, धावडा, सगळ्याला कुप्या बसवायच्या की नाही, याचा निकाल तिथे लागणार होता.

*

अष्टमीच्या सकाळी हर्षल घरी आला. या वर्षी कीर्तनाचा यजमान तोच. हातात शाल, नारळ, पेढ्यांचा पुडा. बाईंनी त्याच्यापुढे पन्हं ठेवलं आणि शेजारी त्या दोन चकत्या.

त्यानं त्या उचलून उजेडात धरल्या. सातवीतल्या मुलाला कळावं ते त्याला कळलंच. चेहरा क्षणभर उतरला. मग म्हणाला, “बाई, एका डहाळीवरून निष्कर्ष काढायचा नाही, हे मला कोणी शिकवलं?”

“मीच. म्हणून अकराही झाडांच्या काढल्या. सगळ्या बघ हव्या तर, सुपात ठेवल्यात.”

“आमच्या मळ्यात सहाशे झाडं आहेत. चार उन्हाळे झाले. एकही मेलं नाही.”

“त्या मळ्याला पाणी?”

हर्षल पन्ह्यात चमचा फिरवत राहिला. “ठिबक आहे.”

“मग जंगलाला लावतोस का ठिबक?”

“बाई, तुम्ही फक्त झाडाकडे बघताय!” त्याचा आवाज चढला. “गेल्या उन्हाळ्यात या तालुक्यात उष्माघातानं सतरा माणसं गेली. आंबेझरीतलं एक नाही. का? सावलीमुळे. काकांना विचारा.”

“मले नको विचारू बावा,” पंत पेटीचा भाता पुसत म्हणाले. “मी पेटीवाला. दोघायच्या मधात सूर धरतो, बाजू नाही.”

“सावली खरीच आहे,” बाई म्हणाल्या. “पण ती झाडाची उन्हाळ्यापुरती पुंजी मोडून आणलेली आहे. पान टाकणं म्हणजे झाडानं तोंड मिटून घेणं. तू ते तोंड जबरदस्तीनं उघडं ठेवलंस, म्हणून तर विहीरही माघातच आटली. यंदा साग सोसतायत. अजून एक उन्हाळा आणि सावलीही नाही, झाडही नाही. मोहाला का नाही रे कुपी लावत तुम्ही?”

“मोहाची फुलं पडायला हवीत ना. लोक वेचतात.”

“म्हणजे पडणं हेही काम आहे, हे तुला ठाऊक होतं. जिथे आपल्या पोटाशी गाठ होती तिथेच तेवढं आठवलं.”

हर्षल उठला. दारात थांबून हलक्या आवाजात म्हणाला, “संध्याकाळी तोच दृष्टांत पुन्हा सांगा, एवढंच मागतो. नसेल जमत तर सरळ दुसरा विषय घ्या. पण विरोधात बोलू नका, बाई. करारात सहावं कलम आहे. कुपी काढायची नाही, झाडाचं पान तोडायचं नाही, तीन वर्षं. कंपनी माझं ऐकत नाही असल्या बाबतीत. तुम्हाला कोर्टात ओढतील.”

“ओढू दे. सत्तर वर्षं कुणी ओढलं नाही मला. तेवढंच राहिलंय.”

तो गेला. पंतांनी पेटी बंद केली. “पानं काढणार आहेस तू?”

“कुप्या आणि पानं, दोन्ही.”

“मी काय म्हणतो,” पंत खाकरले, “एखादं ठेवायचं. तिसरं. माह्यापुरतं.”

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. चेष्टा होती ती, आणि पूर्ण चेष्टा नव्हतीही. रस्त्यात पडलेले पंत, त्यांचं कोरडं पडलेलं तोंड, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं.

“बरं, नको ठेवू,” पंतच म्हणाले. “देवळाच्या गाभाऱ्यात बसत जाईन. फरशी गार असते. फक्त देवाले विचार, घोरलं तर चालते का. आता सूर सांग. काळी दोन लावू?”

“काळी चार. आज आवाज चढवायचाय.”

*

साडेचारला पटांगण भरलं. सागांच्या राठ पानांची सावली सगळ्यांच्या अंगावर होती. पुढे फुलवंताबाई पाय दुमडून बसल्या होत्या, शेजारी यजमान म्हणून हर्षल. तबल्यानं ठेका धरला, बाईंनी नमन केलं. मग चिपळ्या थांबवल्या आणि खिशातल्यासारखा ओच्यातून मोबाइल काढून माइकपुढे धरला.

टक्. टक्टक्. टक्. टक्टक्टक्.

“ओळखा,” बाई म्हणाल्या.

“चुलीतलं लाकूड फुटते,” मागून एक म्हातारी ओरडली. लोक हसले.

“लाह्या!” दुसरं कोणी.

“ही तुमच्या डोक्यावरची झाडं आहेत,” बाई म्हणाल्या. हसू थांबलं. “पाण्याचे धागे तुटतायत त्यांच्या पोटात. एकेक ठोका म्हणजे एकेक नळी बाद. आणि याला कारण कोण? मी. दीड वर्षापूर्वी याच जागी उभी राहून मी तुम्हाला सांगितलं, पान कृतघ्न असतं, झाडाला उन्हात टाकून जातं. सुंदर बोलले. तुम्ही डोळे पुसलेत. पण ते खोटं होतं! विज्ञानाची मास्तरीण मी, मला खरं ठाऊक होतं, आणि शब्दांच्या मोहात मी ते विसरले. पान पळून जात नाही. झाड त्याला निरोप देतं, आणि पान जातं ते झाड जगावं म्हणून!”

हर्षल उठून उभा राहिला. “बाई, माफ करा, पण हे अर्धवट आहे. तसा आवाज प्रत्येक झाडात—”

“खाली बस बावा,” फुलवंताबाईंनी मानही न वळवता म्हटलं. “गादीवरचा माणूस बोलून राह्यला. तुले बोलाचं असन त उद्या सभेत बोल. तिथं मी हाओ तुले ऐकाले.”

हर्षल बसला. गावातल्या कुठल्याही पोरानं याहून वेगळं काही केलं नसतं.

“जंगलात जाता ना तुम्ही?” बाई आता गादीवर दोन पावलं मागेपुढे होऊ लागल्या, आवाज चढला. “वीज पडून मेलेली फांदी पाहिली असेल. वाळलेली पानं तिच्यावर तशीच लोंबत असतात, वर्षभर! गळत नाहीत. का? गाळायला कुणी शिल्लकच नाही. देठाशी तो थर तयार करायला, मागून दार लावायला, जिवंत पेशी लागतात. मंडळी, सोडणं हे मेल्याचं काम नाही, जित्याचं आहे! धरून ठेवण्यात भक्ती असती तर सगळ्यात मोठी भक्त ती वठलेली फांदी झाली असती. ज्यानं पान दिलं, त्यानंच देठात त्याच्या जाण्याची वाट ठेवली. ती वाट बुजवणारे आपण कोण? पांडुरंगा, माझ्या तोंडून गेलं ते माझ्या तोंडूनच परत घे.”

आणि त्यांनी स्वतः रचलेल्या दोन ओळी लावल्या:

“देठीं ठेविली त्यानेच वाट। कां रे बुजविसी तिचा घाट।
जाऊं दे पान, राहूं दे गांठ। झाडाची देवाशीं॥”

पंतांनी सूर असा भरला की तबलजीनं न सांगता लय वाढवली. लोक धरू लागले.

पूर्वरंग संपला. आता यजमानानं उठून कीर्तनकाराला हार घालायचा, बुक्का लावायचा, पाया पडायचं. रीतच ती. सगळं पटांगण हर्षलकडे पाहू लागलं. तो उठला. बाईंच्या गळ्यात त्यानं हार घातला, कपाळाला बुक्का लावला, वाकला. वाकल्यावर पुटपुटला, “चैत्रात पानं काढलीत तर खोडं भाजून निघतील. मरतील ती. तुमच्या हातानं मरतील.”

“मरतील किंवा जगतील,” बाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा म्हणाल्या. “पण स्वतःच्या मर्जीनं. मंडळी, उत्तररंगात आख्यान लागतं. आज आख्यान नाही. आजचा उत्तररंग झाडावर व्हायचा आहे.”

त्यांनी उपरणं पुन्हा कसलं, पहिल्या सागापाशी गेल्या आणि कुपीला हात घातला. घट्ट बसली होती. दोन्ही हातांनी पिळली. कुपी सुटली, खाली मातीत पडली. पटांगणात कुणीतरी श्वास आत ओढला.

“कलम सहा!” हर्षल ओरडला.

“माझं नाव लिहून घे त्यात. एकटीचं.”

“एकटीचं काहून?” फुलवंताबाई उठल्या, कंबरेवर हात ठेवले. “कुप्या बसवाच्या ठरावावर सही माही हाये. पण ऐका बाई, मी तुमच्यासारखी शिकलेली नाही. मले रोकडं पाह्यजे. पंधरा दिवस. उद्याची सभा पंधरा दिवस पुढे. झाडं जगली त तुमचं खरं, मेली त डॉक्टरचं. जगली हे कशावरून समजाचं?”

“पातं कापायचं, देठ ठेवायचा,” बाई म्हणाल्या. “देठाचं ठुटकं फांदीवरच राहू द्यायचं. कुपीचं औषध आठ-दहा दिवसांत उतरेल. मग झाड जिवंत असेल तर ते ठुटकं आपणहून टाकेल. मेलं असेल तर ठुटकं तिथंच वाळेल. हर्षल, बरोबर की नाही?”

हर्षलला खोटं बोलता आलं असतं. तो तसं बोलला नाही. “बरोबर,” म्हणाला.

“मग आणा कोयते,” फुलवंताबाई म्हणाल्या.

दिवस मावळेपर्यंत पोरं-पोरी सागांवर चढल्या होत्या. पत्र्यासारखी खरखरीत पानं खाली येत होती. दुसऱ्या दिवशी रामजन्माचा पाळणा हलला तेव्हा पटांगणात सावली म्हणून उरली नव्हती. लोकांनी डोक्यावर टॉवेल, पदर घेऊन जन्मोत्सव केला. काही जण बाईंकडे रागानं बघत होते, आणि तो राग उन्हाबरोबर रोज वाढत गेला.

*

पंत गाभाऱ्याच्या दाराशी फरशीवर बसू लागले. पाचव्या दिवशी त्यांना गरगरलं. बाईंनी ओले पंचे गुंडाळले, पायाशी बसून राहिल्या.

“बघतेस काय अशी?” पंत डोळे न उघडता म्हणाले. “मी ठुटकं नाही गळायले.”

बाईंना हसू आलं आणि मग रडू. घरी परतताना शेजारची म्हातारी ओट्यावरून ओरडली, “सावली खाल्ली वो तुमी आमची, बाई! पोथ्या वाचून झाडं जगत नाहीत!” बाई थांबल्या. “नाही जगत,” म्हणाल्या. “माझ्या ओट्यावर पत्र्याची छपरी घातलीय, दुपारची येऊन बसत जा तिथे.” म्हातारीनं तोंड फिरवलं. पण दुसऱ्या दिवशी आली, आणि चौघींना घेऊन आली.

दहावा दिवस गेला. अकरावा गेला. बाई रोज सकाळी एकेका सागाखाली फिरत. ठुटकी तशीच. सागाच्या खोडांवर ऊन असं पडे की हात लावता येत नसे. चिमट्यांतला आवाज मात्र थांबला होता. तो ओढ संपली म्हणून थांबला, की तुटायला नळ्याच उरल्या नाहीत म्हणून, हे बाईंनाही सांगता आलं नसतं. बाराव्या दिवशी कंपनीची नोटीस आली, बाई आणि फुलवंताबाई दोघींच्या नावानं. फुलवंताबाईंनी ती वाचून घेतली आणि देवळाच्या खांबाला चिकटवून टाकली. “सगळ्यायले वाचू द्या. कोणाचं नाव राह्यलं असन त सांगा, लिहून देऊ.”

तेराव्या दिवशी बाईंनी सहाव्या सागाच्या खालच्या फांदीवरच्या एका ठुटक्याला बोट लावलं. नुसतं लावलं. ते हातात आलं.

टोकाशी ना चीर, ना चिकट पाणी. फांदीवर घोड्याच्या नालासारखा वण, फिकट, कोरडा, बंद. बाईंनी ते ठुटकं कपाळाला लावलं आणि ओच्यात बांधलं.

पंधराव्या दिवशी सभा. हर्षल आला होता, सोबत कंपनीचा वकील. सूर्य डोक्यावर यायच्या आत सगळे जमले. पटांगणात ठुटकी विखुरली होती. कुणी झाडली नव्हती, फुलवंताबाईंनी झाडू दिली नव्हती. आठ सागांखाली दाट, एकाखाली तुरळक. दोन सागांखाली एकही नाही. तिसरा त्या दोघांतला. पंतांनी त्याच्या खोडावरून एकदा हात फिरवला.

हर्षल गुडघ्यांवर बसला. खिशातून भिंग काढून एकेक वण पाहत गेला. वकील म्हणाला, “डॉक्टर, आपलं निवेदन?” हर्षलनं भिंग पुसलं. मग बाईंकडे न बघता म्हणाला, “नऊ जिवंत आहेत. दोन मेली. ती पानं काढल्यानं मेली नाहीत. पाण्याचे मार्ग आधीच बंद पडले होते.” आणि पुढे, “आणखी एक उन्हाळा ठेवली असती तर अकराही गेली असती. हे माझं निवेदन.”

वकिलानं फाइल मिटली. “करार तरीही शिल्लक राहतो,” तो म्हणाला. “सहावं कलम मोडलंय. कंपनी गप्प बसणार नाही.”

“नोको बसू,” फुलवंताबाई म्हणाल्या. “आमी कुठं बसून राह्यलो? बाई, लिहा. तुमचं अक्षर चांगलं हाये.”

बाईंनी ग्रामसभेची वही मांडीवर घेतली. ऊन वहीच्या पांढऱ्या कागदावरून डोळ्यांत जात होतं. कुणी छत्री धरू लागलं, त्यांनी नको म्हटलं. फुलवंताबाई एकेक शब्द सावकाश सांगत गेल्या, मागे बसलेल्या माणसालाही ऐकू जाईल अशा:

“ठराव. आंबेझरीच्या साडेतीनशे हेक्टर जंगलात एकाही झाडाले कुपी लागणार नाही. पान केव्हा धराचं आणि केव्हा सोडाचं, ते झाड ठरवन. ग्रामसभा ठरवनार नाही, कंपनी ठरवनार नाही. ज्याले मंजूर असन, त्यानं हात वर करावा.”

भर उन्हात, उघड्या सागांखाली, हात वर होऊ लागले. बाईंनी पेन डाव्या हातात घेतलं आणि उजवा हात वर केला.